आधी बाबांचं तोंड, मग फवारणी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून, बीएच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीनं हे पत्र पाठवलं आहे. नाव-गाव छापू नका म्हणाली. पत्र थोडं आवरून देते.

"ताई, माझे बाबा ५२ वर्षांचे आहेत. आमचं वावर दीड एकर, कोरडवाहू. त्यावर भागत नाही म्हणून बाबा २० वर्षांपासून दुसऱ्यांच्या वावरात रोजीनं फवारे मारतात. भाऊ दोन वर्षांपासून नागपूरकडे एका गिट्टी खदानीत क्रशरवर आहे. माय चुलीवर स्वयंपाक करते. गॅस आहे, पण सिलिंडर भरणं परवडत नाही. मागच्या महिन्यात शेजारच्या काकाला तोंडाचा कॅन्सर निघाला. त्यांचं किराणा दुकान आहे, त्यांनी कधी पंप पाठीवर घेतला नाही. तेव्हापासून मी मोबाईलवर वाचत बसते. तणनाशकानं कॅन्सर होतो, दगडाच्या धुळीनं होतो, धुरानं होतो, लोणच्यानंही होतो म्हणे. रात्री झोप लागत नाही. बाबांचं फवारणीचं काम बंद करायला लावू का? मग घर कसं चालेल? बाबांना आताशा भाकरीचा मोठा घास घेता येत नाही, तोंड पुरतं उघडत नाही, तिखट लागलं की डोळ्यांत पाणी येतं. ते म्हणतात, गर्मी झाली. खर्रा (घोटलेली सुपारी-तंबाखू) खातात, पण खर्रा तर इकडे सगळेच खातात."

बेटा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना फवारणीवर थांबले, कारण तुझा प्रश्न त्याचाच होता. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा शेवटच्या ओळींपाशी अंगावर काटा आला. फवारणीचं उत्तर मी देणार आहे, पण ते आठ दिवस थांबू शकतं. बाबांचं तोंड थांबू शकत नाही.

आज संध्याकाळी बाबा घरी आले की त्यांना हात स्वच्छ धुवायला लाव. मग त्यांचीच तीन बोटं, अंगठ्याजवळचं, मधलं आणि त्याच्या पलीकडचं, एकत्र धरून उभी तोंडात घालायला सांग, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या मध्ये. धडधाकट माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं आरामात बसतात. दोनच बसली, तर तोंड आवळत चाललं आहे. मग त्यांना उजेडाकडे तोंड करून बसव आणि मोबाईलच्या टॉर्चनं गालाच्या आतून बघ. कातडी गुलाबी, मऊ आहे की पांढुरकी, ताणलेली, दोरीसारखी लागते? पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? दोन-तीन आठवडे उलटूनही न भरलेली जखम, हलायला लागलेला दात, मानेत गाठ, विनाकारण कान दुखणं, यातलं काही आहे का?

तू लिहिलेली लक्षणं, म्हणजे तोंड न उघडणं आणि तिखट न सोसणं, ही सुपारीनं तोंडाची कातडी आतून घट्ट होण्याच्या आजाराची आहेत. मी पत्रावरून निदान करत नाही, ते तोंड बघूनच करावं लागतं. पण तालुक्याच्या दवाखान्यात दातांची डॉक्टर म्हणून २६ वर्षं काढली, आणि 'गर्मी झाली' हे शब्द ऐकले की मला धडकी भरते. एक सालदार आला होता माझ्याकडे, तुझ्या बाबांएवढाच. दोन वर्षं सगळे त्याला गर्मीच सांगत होते. गुलकंद खा, ताक पी, थंड खा. आला तेव्हा तोंडात एक बोटही जेमतेम जात होतं, आणि बायको त्याला वरणाचं पाणी चमच्यानं पाजत होती. ही गर्मी नसते.

हा आजार म्हणजे कॅन्सर नव्हे. पण यातल्या काही जणांना पुढे कॅन्सर होतो, म्हणून तो कॅन्सरच्या उंबरठ्यावरचा आजार मानतात. आवळलेलं तोंड सहसा पूर्वीसारखं मोकळं होत नाही. खर्रा सुटला तर ते आणखी आवळायचं थांबू शकतं, व्यायामानं आणि उपचारानं थोडं उघडतंही. म्हणून घाई.

ग्रामीण रुग्णालयात दातांचे डॉक्टर बसतात का ते आशाताईला विचार. ३० वर्षांवरच्या सगळ्यांची तोंडाची तपासणी आरोग्य उपकेंद्राच्या कामातच धरलेली आहे, त्यामुळे तुम्ही कुणाकडे उपकार मागत नाही. पुढे पाठवलं तर यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे, नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथलंच राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. जाताना रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा. कॅन्सरचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात.

आणि एक भीती आधीच काढून टाकते. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायचा म्हटलं, की गावात कुणीतरी सांगणारच: 'त्याला हत्यार लावू नका, हात लावला की तो फुटतो.' या एका वाक्यापायी किती माणसं तपासणी सोडून घरी परतली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तपासणीसाठी तुकडा काढल्यानं तोंडाचा कॅन्सर वाढत नाही. वाढतो तो घरी बसून घालवलेल्या महिन्यांत.

आता तुझ्या मोबाईलमधल्या यादीकडे येऊ. ती यादी खोटी नाही, पण ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे कुणी समजावत नाही. फ्रान्समधल्या लिऑन शहरात जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे. ती एकेक पदार्थ, एकेक काम घेते, जगभरचे अभ्यास तपासते आणि त्याला गटात टाकते. पहिल्या गटात माणसाला कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टी येतात. २ अ म्हणजे बहुधा होतो. २ ब म्हणजे होऊ शकतो. तिसऱ्या गटात टाकलेल्या गोष्टींबद्दल ठरवायला पुरावा पुरत नाही. हे गट पुराव्याच्या खात्रीचे आहेत, धोक्याच्या आकाराचे नाहीत. पाऊस पडणार याची खात्री किती, एवढंच ते सांगतात. नुसता शिरवा येईल की नाल्याला पूर येईल, ते सांगत नाहीत. सिगारेटही पहिल्या गटात आहे आणि खारवलेलं, डबाबंद मटणही पहिल्याच गटात आहे, पण दोघांनी मरणाऱ्यांचे आकडे जवळपासही नाहीत. तुझ्या लोणच्याचं तर असं झालं, की पूर्व आशियातल्या मिठात आंबवलेल्या भाज्या २ ब मध्ये आहेत आणि बातमी लिहिणाऱ्यानं त्यात आपली कैरी घातली. मायच्या बरणीला भिऊ नकोस.

म्हणून यादी वाचताना तीन गोष्टी विचारत जा: किती, किती वर्षं, आणि कोणत्या वाटेनं अंगात जातं. हे प्रश्न तुझ्या घराला लावून बघू.

खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना, पन्नीत घालून घोटलेला. धुराशिवायची तंबाखू पहिल्या गटात. सुपारी २००४ पासून स्वतंत्रपणे पहिल्या गटात, तंबाखू नसली तरी. चुना तोंडाची नाजूक कातडी सोलतो आणि बाकीच्या दोघांना आत शिरायला वाट करून देतो. किती? पानठेल्यावरून दिवसाला किती पुड्या येतात ते तू मोज. किती वर्षं? बाबा पोरसवदा होते तेव्हापासून असणार. वाट कोणती? गालाची कातडी, तीही तासन्‌तास, कारण खर्रा गिळत नाहीत, दाबून ठेवतात. तू केलेल्या यादीत याच्याइतकी पक्की आणि जवळची दुसरी गोष्ट नाही, आणि तीच पत्रात शेवटी आली. शेजारच्या काकांनी कधी पंप पाठीवर घेतला नाही म्हणतेस. त्यांच्या दुकानात ते स्वतः काय खात बसायचे, ते तू लिहिलं नाहीस.

'सगळेच खातात' हे मात्र तुझं फार चुकलेलं नाही. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक बिनधुराची तंबाखू घेत होते, म्हणजे जवळपास चारात एक. आपल्याकडे तर आठवीतली पोरं खिशात पुडी ठेवतात. राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी आली, पुढे सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीही बंद झाली. पण खर्रा ठेल्यावर हातानं घोटतात, त्याला ना डबी, ना डबीवरचं सडलेल्या तोंडाचं चित्र, ना मदतीचा फोन नंबर. म्हणून तो नंबर मीच देते: १८००-११-२३५६. फुकट आहे, तंबाखू सोडणाऱ्याशी बोलतात. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' या दारू-तंबाखूमुक्तीच्या अभियानाचं काम चालू आहे. गावानं ठरवलं तर ठेल्यावरचा खर्रा बंद होतो, हे तिथल्या काही गावांनी करून दाखवलं आहे.

एक फसगत टाळ. तंबाखू सोडली म्हणून नुसती गोड सुपारी चघळणारे मी ढिगानं पाहिले. तोंड आवळण्याच्या या आजारात मुख्य दोषी सुपारीच असते. तोंडाला चाळा हवाच असेल तर भाजलेली जवस, ओवा, सोप म्हणजे बडीशेप दे. सगळ्यात कठीण पहिले तीन-चार दिवस असतात. चिडचिड होईल, डोकं दुखेल, तुझ्यावर ओरडतील. आठवडा काढला तर सोपं जाऊ लागतं. आणि हो, माय दात कशानं घासते ते बघ. तंबाखूचं मंजन किंवा गुडाखू असेल, तर हे सगळं तिलाही लागू आहे.

आता फवारणी. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात काय झालं, ते तू शाळेत असताना पाहिलं असशील. फवारणीच्या विषबाधेनं २० च्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढली होती, फवारा अंगावर उलटत होता, दोन-दोन तीन-तीन औषधं एकत्र कालवली जात होती. ती विषबाधा होती, कॅन्सर नव्हे. दोन्ही वेगळे धोके आहेत. डब्यावरचा रंगीत त्रिकोण, लाल, पिवळा, निळा, हिरवा, हा त्या पहिल्या धोक्याचा आहे: पोटात गेलं, अंगावर सांडलं तर किती लवकर मारेल. कॅन्सरबद्दल त्रिकोण काहीच बोलत नाही. हिरवा त्रिकोण बघून निर्धास्त होऊन हात बुडवणारे लोक इथेच चुकतात.

कॅन्सरचं म्हणशील तर कीटकनाशकं फवारण्याचं काम १९९१ पासून २ अ गटात आहे. ग्लायफोसेट हे तणनाशक आणि मॅलेथिऑन हे कीटकनाशक २०१५ मध्ये त्याच गटात आले. लिंडेन पहिल्या गटात गेलं, त्यावर आपल्याकडे आधीच बंदी आहे. ग्लायफोसेटबद्दल मतभेद आहेत, तेही सांगते. लिऑनच्या संस्थेला फवारणाऱ्यांत लसिकाग्रंथींच्या एका कॅन्सरशी त्याचा संबंध दिसला. अमेरिकेच्या आणि युरोपच्या नियामक संस्थांनी मात्र कॅन्सरचा धोका संभवत नाही असा निष्कर्ष काढला. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरताच ठेवण्याचा आदेश काढला. आणि चोर बीटीच्या, म्हणजे तणनाशक सोसणाऱ्या बिनपरवाना कपाशीच्या, वावरात तेच पाठीवरच्या पंपानं मारतात, हे मला सांगायला नको. माझं मत विचारशील तर २० वर्षं औषधात भिजणाऱ्या माणसानं हा वाद मिटायची वाट बघू नये. औषध अंगाला लागू न देणं सगळ्याच औषधांसाठी बरोबर आहे.

काम बंद करायला लावू का, या प्रश्नाला माझं उत्तर: आज नाही. रोजी बंद झाली तर बाबा दवाखान्यातही येणार नाहीत. पण औषध अंगात शिरायची वाट आपण बरीच अरुंद करू शकतो. सगळ्यात जहाल औषध हाताला लागतं ते कालवताना, कारण तेव्हा ते पाणी न मिसळलेलं असतं. उघड्या हातानं ढवळायचं नाही. काठी घ्यायची, आणि रबरी हातमोजे कालवताना तरी घालायचेच. ऑक्टोबरच्या उन्हात पूर्ण किट घालून पऱ्हाटीत दिवसभर कुणी चालत नाही, हे मला माहीत आहे, त्यामुळे ते मी सांगत नाही. पण गळणारा पंप पाठीवर घ्यायचा नाही, पंप आणि पाठ यांच्या मध्ये प्लास्टिकचा तुकडा बांधायचा, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालायचा. वारा समोरून असेल तर तोंड फिरवायचं, म्हणजे ओळच बदलायची. नोझल अडकलं तर तोंडानं फुंकायचं नाही. हे मी डोळ्यांसमोर पाहिलं आहे, दरवर्षी.

आणि इथं खर्रा परत येतो. औषधाचा वास जाणवू नये म्हणून फवारताना खर्रा तोंडात ठेवतात. औषधानं ओली बोटं, तीच पन्नीत, तीच गालात. तुझ्या यादीतले दोन धोके बाबांच्या चिमटीत एकत्र होतात. बाकी काही ऐकलं नाही तरी फवारणीच्या दिवशी वावरात खर्रा न्यायचा नाही, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घे. ही मागणी त्यांना पटेल, कारण तीत तू त्यांचं व्यसन काढत नाहीस, औषधाची भीती सांगतेस. सोडण्याची सुरुवात कित्येकदा अशीच होते.

घरी आले की आधी साबणानं आंघोळ, मग जेवण, मग लेकरांना जवळ घेणं. कामामुळे होणारा कॅन्सर पहिल्यांदा ओळखला गेला तो १७७५ मध्ये, लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाकडून. धुराडी झाडणाऱ्या पोरांच्या जांघेतल्या कातडीत काजळी साचून राहायची, पुढे तिथंच कॅन्सर निघायचा. त्यावरचा पहिला उपायही रोजची आंघोळच होता. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत भिजवू नकोस. रिकामा डबा तेला-पाण्याला वापरत असाल तर आजच फोडून टाक.

भावाबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, पण मला त्याची काळजी बाबांच्या फवारणीपेक्षा कमी नाही. दगड फुटताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते, आणि तिची बारीक धूळ १९९७ पासून पहिल्या गटात आहे. दिसते ती धूळ नाकात, घशात अडकते. फुप्फुसाच्या तळाशी जाते ती दिसत नाही. तिथं ती कायमची रुतते, सिलिकोसिस होतो, टीबी लवकर धरतो, आणि पुढे फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. भावाला विचार, कोणता दगड फुटतो? आपल्या काळ्या पाषाणात मोकळी सिलिका कमी असते. वालुकाश्म, ग्रॅनाइट, गारगोटी यांत भरपूर. दगड पांढरा-तांबूस, चमकणारा असेल तर जास्त जप.

दुपट्टा बांधतो म्हणेल. दुपट्टा मोठी धूळ अडवतो, बारीक नाही. एन-९५ मास्क लागतो, चेहऱ्याला घट्ट बसणारा. पण मास्क हा शेवटचा उपाय आहे. खरा उपाय पाणी. जबड्याशी, पट्ट्यावरून गिट्टी पडते तिथं फवारा चालू असेल तर धूळ उठतच नाही. पाण्याची फवारणी, झाकलेले पट्टे, वारा अडवणारी भिंत हे क्रशरमालकाचं काम आहे, मजुरावर उपकार नव्हे, आणि तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करता येते. एकट्यानं करू नये, काम जाईल; चार-पाच जणांनी मिळून करावी. कोरडा झाडू मारायचा नाही, धुळीचे कपडे घरात झटकायचे नाहीत. आता एक छातीचा एक्स-रे काढून ठेवावा, म्हणजे पुढच्याशी ताडून बघता येतो. आणि दवाखान्यात गेला की 'मी क्रशरवर काम करतो' हे न विचारता सांगावं. खोकला म्हटलं की टीबीची औषधं सुरू होतात, आणि कामाचं कुणी विचारतच नाही. बिडी पीत असेल तर तीही तिथंच थांबली पाहिजे. धूळ आणि धूर दोन्ही एकाच फुप्फुसात जातात.

मायच्या चुलीचा धूर २ अ मध्ये आहे, आणि कॅन्सरच्या आधी तो दमा-खोकला देतो. सिलिंडर सणासुदीला न ठेवता पावसाळ्यात, लाकडं ओली असताना वापरा. तेव्हा धूर सगळ्यात जास्त होतो. एवढं आत्तापुरतं पुरे.

बाबांना हे सांगायचं कसं, हे तू विचारलं नाहीस, पण तुला तेच सगळ्यात अवघड जाणार आहे. 'तुम्हाला कॅन्सर होईल' म्हणू नकोस. शेजारच्या काकांचं नाव घेऊ नकोस. घाबरलेला माणूस दवाखान्याकडे नाही, ठेल्याकडे जातो. त्यांना म्हण, "बाबा, तुम्हाला भाकरी खाता येत नाही, मला बघवत नाही. माझ्यासोबत चला." बसच्या तिकिटाचे पैसे तूच काढ, सकाळचा डबा तूच बांध, आणि त्या दिवशीची रोजी बुडेल हे मायला आधी सांगून ठेव, म्हणजे ऐनवेळी त्यावरून भांडण नको.

आज रात्री तीन बोटं मोजलीस की जितकी बसली तो आकडा, तारखेसकट, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेव. डॉक्टर विचारतील, तोंड कधीपासून आवळलं. आणि महिन्यानं तुला पुन्हा मोजायचं आहे.